अण्णांचा रंधा आणि कुंकवाचं बोट

जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटमध्ये, इथल्या बहुतेक घरांत असते तशी, बॉम्ब शेल्टरची एक एवढीशी खोली आहे. जाड भिंती, लोखंडी दार, खिडकीचं नाव नाही. लोक तिथे सुटकेसा ठेवतात, मी सुतारकामाचं सामान ठेवतो: करवती, पटाश्या, पॉलिशचे डबे आणि अण्णांचा रंधा. अण्णा म्हणजे माझे वडील, चिपळूणकडचे सुतार. मी जहाजावर इंजिनिअर झालो खरा, पण निवृत्तीनंतर हात पुन्हा लाकडाकडेच वळले.

त्या वर्षी खंडेनवमीला मी सगळी हत्यारं मांडून साग्रसंगीत पूजा केली. रंध्याच्या पात्यावर अण्णांसारखंच कुंकवाचं ओलं बोट ओढलं. क्लेमेंटीला राहणाऱ्या माझ्या लेकीला फेब्रुवारीत बाळ व्हायचं होतं आणि पाळणा याच रंध्याने मीच करणार, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. मग पुण्याला निघायची घाई. झेंडूच्या फुलांसकट सगळं पेटीत भरलं, शेल्टरचं दार घट्ट लावलं आणि गेलो.

जानेवारीत परत आलो. दोन महिने इथे पावसाने नुसता धुमाकूळ घातला होता. दार उघडलं तर कुबट वासाचा भपकारा आला. सँडपेपर मऊ पडलेला, झेंडूचा काळा चिखल झालेला. आणि पात्यावर जिथे कुंकू लावलं होतं तिथेच गंज, थेट धारेपर्यंत. घासून पाहिलं तर खाली खड्डे.

बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "दसऱ्याच्या सकाळी अण्णा काय करायचे, आठवतंय?"

मला कुठलं आठवायला! आम्ही पोरं प्रसाद खाऊन पसार व्हायचो. तिनेच सांगितलं, चहाच्याही आधी अण्णा एकेक हत्यार पुसून त्याला तेलाचा हात द्यायचे. हिला ठाऊक, कारण लग्न होऊन आल्यापासून तेलाची वाटी हीच नेऊन द्यायची. मग आधी का नाही बोललीस म्हणून मी तिच्यावरच उखडलो. तुम्ही कधी विचारलंत, असं म्हणून ती आत गेली. म्हणजे पूजा मी अर्धीच शिकलो होतो. फार लाज वाटली.

लेक फोनवर इथल्या लोकांसारखं शेवटी 'लाह' लावत म्हणाली, नवा घ्या ना बाबा, सिंपल लाह. मी ऐकलं नाही. खड्डे जाईपर्यंत पातं झिजवणं हा एकच उपाय होता, आणि अण्णांनी जन्मभर धार लावून ते आधीच आखूड केलेलं. चार दिवस दगडावर घासत बसलो. पाचव्या दिवशी सागाच्या फळीवर रंधा फिरवला, तर पातळ, लांबलचक ढलपी वळत वर आली. माझे डोळे भरून आले, कबूल करतो. बाळाच्या आधी आठ दिवस पाळणा तयार होता.

यंदा खंडेनवमीला नातीचं बोट धरून पात्यावर कुंकू लावलं. दसऱ्याला सकाळी उठलो, बायकोकडून तेलाची वाटी मागून घेतली आणि चहाच्या आधी सगळं पुसून काढलं. पातं आता जेमतेम आणखी एका पाळण्यापुरतं उरलंय. लेकीला मी तसं सांगून ठेवलं आहे.