यादीत नसलेला व्याही

आमच्या सहकारी डाळ मिलच्या स्मरणिकेत माझा फोटो छापून आलाय. खाली लिहिलंय, ‘अध्यक्षांपुढं न झुकणारा स्वतंत्र संचालक.’ फोटो माझाच आहे. बाकी मजकूर दुरुस्त करायला हवा.

मी मूळचा मुखेडकडचा. लातूरला कॉलेजात शिकवायला आलो. इथं माझं शेत नाही, तुरीचं दुकान नाही, सोयरे नाहीत, म्हणूनच मिलच्या सभासदांनी मला संचालक मंडळावर घेतलं. अध्यक्ष गावातले मोठे व्यापारी. ते म्हणायचे, “सर, एक तरी माणूस असा पायजे, ज्याचं इथं कायबी अडकलेलं न्हाई.”

पुढं त्यांच्याच मुलाला मी मुलगी दिली. स्थळ चांगलं होतं, आजही वाटतं चांगलंच होतं. पण माझं आता इथं काही अडकलंय, हे मी मनाशीही बोललो नाही.

लातूर जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. पाऊस दगा देत होता, नळ कोरडे होते आणि नव्या कचेऱ्यांच्या नुसत्या चर्चेनं जागांचे भाव चढत होते. मिलच्या आवारातली विहीर तेवढी तग धरून होती. डाळ निवडणाऱ्या बायका, मागची बौद्ध वस्ती, पलीकडचा मोहल्ला, सगळे तिथूनच पाणी न्यायचे. अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला: मिल गावाबाहेर हलवू, आवार मी विहिरीसकट घेतो. विहिरीवर टँकर भरायचे, उरलेल्या जागेचे प्लॉट पाडायचे, हे सगळ्यांना कळत होतं.

पोटनियम स्पष्ट होता. ज्याचा व्यवहारात हितसंबंध, त्यानं किंवा त्याच्या नातेवाइकानं मत द्यायचं नाही. नातेवाईक कोण, त्याची यादीही होती: बायको, मुलं, भाऊ, सून, जावई. व्याही नव्हता. मी सहकार खात्यातल्या ओळखीच्या साहेबांना विचारून आलो. ते हसून म्हणाले, “यादीत न्हाई ना? मग तुम्ही मोकळे. बसा बिनधास्त.”

बैठकीत अध्यक्ष नियमानं उठून बाहेर गेले. त्यांच्या चपला मात्र दारातच होत्या आणि व्हरांड्यातून त्यांचं खाकरणं ऐकू येत होतं. मतं सारखी पडली. सगळे माझ्याकडं पाहू लागले. आमच्याकडं मुलीचा बाप व्याह्यापुढं आवाज चढवत नाही, तो बसल्याशिवाय बसत नाही. मी हात वर केला, विक्रीच्या बाजूनं. स्मरणिकेत हे नाही.

आता फक्त सर्वसाधारण सभेची मंजुरी उरली होती. त्याआधी मी मुलीला भेटायला गेलो. उन्हातनं चालत गेलेलो, घसा सुकलेला. पण नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरी पाणी प्यायचं नाही, हा आमचा रिवाज. तिनं तांब्या आणून पुढं ठेवला.

“अगं, चालत नाही मला.”

“चालतंय, दादा. आमच्या घरचं न्हाई हे. बोअर आटलाय. मिलच्या विहिरीवरनं मीच आणलंय सकाळी रांगेत उभं राहून. सभासदांचं पाणी हाय, म्हणजे तुमचंबी.”

मी प्यालो. रिकामा तांब्या पुन्हा भरून ठेवत ती म्हणाली, “पोटभर प्या. सभा झाली की ती विहीर आमच्या घरची होईल. मग तुम्हाला चालायचं न्हाई. त्या रांगेतल्या बायांनाबी न्हाई.”

मी म्हणालो, “तुला इथं राहायचंय, बाळ.”

“माझं मी बघते. माझ्या नावावर तुम्ही गप बसू नका.”

सभेत मी उभा राहिलो. भाषण वगैरे नाही. एवढंच म्हणालो, “माझं मत धरू नका. कायद्यानं मी मोकळा असेन, पण मी व्याही आहे. यांच्यासमोर नाही म्हणायची माझी छाती नव्हती.”

अध्यक्ष माइकवरूनच म्हणाले, “इवाई, पोरगी देताना न्हाई सुचलं हे?”

मंडप हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार? मागून एक म्हातारी सभासद ओरडली, “तवा पाणी व्हतं, आता न्हाई!” सभासदांनी विक्री फेटाळली. विहीर राहिली.

मला शाबासकी मिळाली. पण त्या घरात रोज जेवायला बसायचं होतं मुलीला. सासरे कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनं ते मला कधी सांगितलं नाही, जावयानं सांगितलं. ती रोज विहिरीवर जायची, घागर भरायची आणि पहिला तांब्या सासऱ्यांपुढं ठेवायची. शाबासकी तिची होती. मी ती इतकी वर्षं बिनतक्रार वापरली.

पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्ष स्वतःच उठले. “त्या यादीत व्याही घाला. न्हाईतर हा माणूस दर वर्षी मंडपात उभा राहून माझी इज्जत काढील,” असं म्हणाले. खाली उतरल्यावर माझ्या शेजारची खुर्ची ओढली आणि मला आधी बसवलं. मी मंडळाचा राजीनामा दिला तो त्याच दिवशी. यादी आता पुरी होती आणि मी तिच्यात होतो.

नातू झाला तेव्हा चांगला पाऊस पडून गेला होता, घरच्या बोअरलाही पाणी आलेलं. मी दारात पाय ठेवला तसा तिनं तांब्या पुढं केला. मी सवयीनं विचारलं, “कुठलं गं?”

“घरचं,” ती म्हणाली. “आता प्या की.”