दोनच सीझनसाठी गेलेली

कोल्हापूर स्टेशनात गाडी सुटायची वेळ झाली होती आणि माझ्या वडिलांचा पत्ता नव्हता. मुलगी जर्मनीला निघालेली आणि आबा ग्राउंडवर. आमच्या तालमीची फायनल होती. शेवटी आले ते धोतराला तांबडी माती आणि तोंड पडलेलं. आई पुटपुटली, "हरलं वाटतं." आबांनी आधी पेनल्टी कशी खोटी दिली ते सांगितलं आणि मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "रडतीस कशाला? दोन वर्सं म्हंजे काय, दोनच सीझन."

मी रडत नव्हते. चेहरा तसा केला होता. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या, कारण मी फुटबॉलपासून सुटले होते.

तुमच्यातले जे पेठेत वाढले त्यांना हे सांगायला नको. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीचा फुटबॉलचा संघ असतो आणि ज्या पेठेत जन्मलात त्या संघाचे तुम्ही मरेपर्यंत. मॅचच्या दिवशी आई मटण करायची. जिंकलो तर पंगत. हरलो तर आबा ताटाला हात जोडून उठायचे, आणि आबा जेवले नाहीत म्हणून मग घरात कुणीच नाही. तांबड्या रश्श्याचा वास घेत उपाशी झोपायचं. आणि आमचा संघ हरायचा फार. विरुद्ध तालमीचा रंग हिरवा, म्हणून मला कधी हिरवा परकर मिळाला नाही. लग्नात चुडा हिरवाच भरतात म्हटल्यावर आबांनी कासाराकडे असं बघितलं, की तो बिचारा बांगड्या उचलून निघायच्या बेतात होता.

म्हणून स्थळं यायला लागली तेव्हा मी एकच गोष्ट विचारली : मुलगा फुटबॉल बघतो का? हे फाउंड्रीतले इंजिनिअर, बघत नव्हते. मी लगेच होकार दिला. स्वभाव कसा, नोकरी कुठे नेईल, यातलं काही विचारावं असं त्या अतिशहाण्या पोरीच्या डोक्यात आलं नाही.

जर्मनीत आम्ही उतरलो ते कोळशाच्या खाणींच्या गावात. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मी मोठ्या हौसेनं पडदा सरकवला, तर रस्त्यापलीकडे फुटबॉलचं मैदान. मी खिडकीखाली बसकण मारली. यांना कळेना बाईला झालं काय.

आल्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी धुणं वाळत घालायला बाल्कनीत गेले. आईनं निघताना दिलेलं निळं इरकल लांबलचक कठड्यावर सोडलं. समोर मैदानाच्या फाटकाशी गर्दी होती. एकानं वर बघितलं, मग दहांनी, मग सगळ्यांनीच. शिट्ट्या, आरडाओरडा, मुठी. मी लुगडं ओढून आत आले आणि कडी घातली. आपण या गावाला नको आहोत, एवढंच समजलं.

तो अख्खा हिवाळा मी त्या दोन खोल्यांत काढला. बाजार हे आणायचे. कपडे मी आतच, खुर्च्यांच्या पाठींवर वाळवायचे. चार वाजता अंधार, भाषा येत नाही, पासपोर्ट यांच्या कपाटात. यांच्याशी बोलायची ते एकच, परत कधी जायचं. "दोन वर्षांचा करार आहे ना," हे म्हणायचे. पत्रात मात्र मी लिहायची, इथं फार छान आहे, बर्फ पडतंय. आईनं ते पत्र पेठेत वाचून दाखवलं म्हणे.

मार्चच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण क्रेमरबाई तावातावानं वर आल्या. ह्यांनी भाषांतर केलं, "भिंतीला बुरशी धरलीय. बाल्कनी असताना कपडे आत का वाळवता, असं विचारतायत." मला रडू फुटलं, मी सगळं सांगितलं. बाईंनी फक्त विचारलं, "कुठला कपडा होता?" मी इरकल काढून दाखवलं. बाई खुर्चीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेजारच्या गावचा संघ निळा. आणि त्या शनिवारी मॅच त्यांच्याशीच होती.

"तुम्हाला माहीत नव्हतं?" मी ह्यांना विचारलं.

"मी कुठं फुटबॉल बघतो?" हे म्हणाले.

हिरव्या परकराविना वाढलेली मी, आणि निळं लुगडं चार महिने मला कळलं नाही. मग मीही हसले. त्या देशात पहिल्यांदाच.

पुढे बटाटे सोलता सोलता क्रेमरबाईंनी मला भाषा शिकवली ती क्लबच्या गोष्टींतून. खाणीतल्या पोरांनी राखेच्या ढिगावर तो सुरू केला, पाद्री त्यांना गुंड म्हणायचा. युद्धात मैदानावर बॉम्ब पडले. त्यानंतर उपासमारीच्या दिवसांत हा संघ खेड्यांत जाऊन खेळायचा आणि बक्षीस म्हणून पोत्यानं बटाटे आणायचा. बाईंचे यजमान गोलकीपर होते. खाणीतल्या अपघातात गेले. पुढे देशाची मोठी लीग झाली, त्यात या एवढ्याशा गावाचा क्लब शिरला आणि कसाबसा टिकून होता.

आमच्या तिथल्या दुसऱ्या वर्षी ते टिकणंही संपलं. शेवटच्या मॅचला बाईंनी मला हाताला धरून आत नेलं. आम्ही हरलो आणि खालच्या लीगमध्ये गेलो. लोक निघायला लागले. आबा म्हणायचे, "हरल्यावर ग्राउंड सोडून जायाचं न्हाय, पोरं बघत्यात." पोरं आत जाईपर्यंत मी टाळ्या वाजवत उभी राहिले, क्रेमरबाईंच्या शेजारी.

त्या संध्याकाळी ताटावर बसले आणि घास उतरेना. "जेव की," हे म्हणाले, "कोण गेलंय का?" मी ताटाला हात जोडले आणि ते तसेच हवेत राहिले. ज्या गोष्टीपासून पळून इतक्या लांब आले, ती मला चांगली सापडली होती. की मी तिला.

करार वाढला. मग पुन्हा वाढला. हे म्हणायचे पुढच्या वर्षी नक्की, क्लबवाले म्हणायचे पुढच्या सीझनला नक्की. दोघंही जागचे हलले नाहीत. दोघांचंही मी आबांना पत्रातून कळवत राहिले. खाण बंद झाली, मुलं तिथल्या शाळेत गेली, आणि परत जायचं हे वाक्य मी वरण-भाताइतकंच सवयीनं बोलायला लागले.

मुलं शाळेत जायच्या आधीच, पाचव्या वर्षी, पहिल्यांदा महिन्याभरासाठी कोल्हापूरला आले. गाडीभर मी घोकत होते, आबा दिसले की पाया पडायचं, मग सांगायचं की मला परत पाठवू नका, तिथं जीव गुदमरतो. आबा स्टेशनावर आधीच येऊन थांबलेले. वाळले होते. मी वाकले, तर ते म्हणाले, "व्हय गं, तुमची टीम वर आली का न्हाय?"

तुमची. माझ्या तोंडून घोकलेलं काही आलंच नाही. आलं ते एवढंच, "न्हाय आबा, अजून खालीच हाय."

"येतीया, येतीया," आबा म्हणाले आणि माझी बॅग उचलून चालू लागले.

महिना संपल्यावर मी परत गेले.

आता आबा नाहीत, क्रेमरबाई नाहीत, हेही नाहीत. मी त्याच तिसऱ्या मजल्यावर आहे. शनिवारी खिडकीतून समोरचा निकाल कळतो, रविवारी भाचा फोनवरून आमच्या तालमीचा सांगतो. नातवंडं विचारतात, आजी, तुझं घर नक्की कुठलं? मी त्यांना म्हणते, बाळांनो, दोन्हीकडं हरलं की सलग दोन दिवस बघा, कुठल्या दिवशी मी जास्त उपाशी राहते. गेल्या आठवड्यात दोन्हीकडं हरलं. दोन्ही दिवस मटण शिजवलं होतं, आणि सोमवारी ते सगळं नातवंडांनी संपवलं.