मेडनहेडचं मत

माझ्या व्याह्यांइतका बहुमताचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या इंग्लंडात दुसरा नसेल. सगळे एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, असं झालं की त्यांचा चेहरा कसा उजळायचा. अमेरिकेत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण तिथला राष्ट्राध्यक्ष कसा निवडावा याची त्यांना जेवढी काळजी, तेवढी खुद्द अमेरिकेतल्या लोकांनाही नसावी. तिथे म्हणे देशभरातली डोकी सरळ मोजत नाहीत. प्रत्येक राज्याची ठरावीक मतं असतात आणि ती जो जास्त गोळा करील तो अध्यक्ष. "म्हणजे कमी लोकांनी मत दिलेला माणूससुद्धा निवडून येऊ शकतो?" असं कुणी विचारलं की ते चहाचा कप खाली ठेवायचे. "येतो ना! नाहीतर मग लहान गावाला विचारतो कोण?"

लहान गाव म्हणजे ते राहायचे ते मेडनहेड. आमची ओळखच मुळी यावरच्या भांडणातून झाली. आमच्या मराठी मंडळात हॅरोची माणसं उदंड आणि मेडनहेडची चार-दोन घरं. मंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता, तर हे गृहस्थ उठून म्हणाले, डोकी मोजू नका, गावं मोजा. प्रत्येक गावाला एक मत. मी तेव्हा चाळिशीतली, हॅरोची, आणि लोकशाही जणू मीच माहेराहून रुखवतात आणली आहे अशा थाटात वावरणारी. उठले. पदर खोचला. आवाज मुद्दाम थोडा कापरा केला. "उद्या एखाद्या गावात एकच मराठी माणूस उरला, तर त्यालाही अख्ख्या हॅरोएवढं मत? एकटा माणूस म्हणजे काय गाव असतं का हो?" टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवर मी पुढे कित्येक वर्षं तरंगत होते. सूचना अर्थातच बहुमताने आपटली. सभा संपल्यावर ते माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "बाई, भाषण चुकीचं होतं. पण सुरेख होतं." पुढे माझ्या मुलीने नेमका यांचाच मुलगा पसंत केला. त्या घरात मतदान कसं चालतं हे मी तिला सांगून पाहिलं. आईचं एक मत, तिने मोजलंच नाही.

त्या घरातलं मतदान मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. ऑक्टोबर महिना, बाहेर गारठा, आणि माझी विहीण बिचारी दोन स्वेटर घालून हीटिंग लावायला सांगत होती. व्याही म्हणाले, "मत घेऊ." घेतलं. विहीण आणि मी हीटिंगच्या बाजूने, ते एकटे विरोधात. "खोल्यांप्रमाणे मोजा," ते शांतपणे म्हणाले. "तुम्ही दोघी एकाच खोलीत बसलाय, म्हणजे एक खोली. स्वयंपाकघरात मी आहे. वरच्या तिन्ही खोल्या रिकाम्या, त्यांची काही तक्रार नाही. चार विरुद्ध एक."

"अहो, खोल्यांना थंडी वाजते का?" विहीण म्हणाली आणि उठून तिने बटण दाबलं. तेवढं एक सरकार ते मुकाट मान्य करायचे.

ते सरकार गेलं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि विहीण गेली. त्यानंतर खरोखरच सगळ्या खोल्या रिकाम्या झाल्या. मागच्या हिवाळ्यात ते जिन्यावरून पडले आणि शेजारीण दार वाजवेपर्यंत तसेच पडून होते. मग बर्मिंगहॅमहून माझी मुलगी, जावई आणि नात मेडनहेडला आले, हॅरोहून मी गेले, आणि चहा घेता घेता विषय निघाला. घर विकायचं आणि व्याह्यांनी बर्मिंगहॅमला मुलाकडे राहायचं.

"बाबा, तुमच्या मर्जीविरुद्ध काही करायचं नाहीये," जावई म्हणाला. "वाटलं तर मत घेऊ."

आम्ही पाच जण. बर्मिंगहॅमची तिघं विकायच्या बाजूने, म्हणजे डोकी मोजली तर व्याही हरणार. पण घरं मोजली तर तीनच घरं: बर्मिंगहॅम, मेडनहेड आणि माझं हॅरो. मुलीने फोनवर आधीच कल्पना दिली होती, त्यामुळे मी ट्रेनमध्ये सबंध वेळ हाच हिशोब करत आले होते. जन्मभर ज्या पद्धतीला नावं ठेवली, तिच्याच जोरावर आज हॅरोचं मत मेडनहेडच्या पदरात टाकायला निघाले होते. आता ते घरं मोजा म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

ते म्हणाले, "डोकी मोजा."

"अहो, घरं मोजा ना!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली.

ते हसले. कित्येक महिन्यांनी हसले असतील. "विहीणबाई, एकटा माणूस म्हणजे काय गाव असतं का हो? टाळ्या घेतल्या होत्यात तुम्ही."

हॅरोलाही आता मी एकटीच असते.

वसंतात घर विकलं गेलं. बर्मिंगहॅमला त्यांची खोली छान आहे, खिडकीतून बसस्टॉप दिसतो. काही विचारलं की म्हणतात, "सगळ्यांचं असेल ते." मी फोनवर डिवचते, अमेरिकेतली ती पद्धत आता रद्द करा म्हणतायत हो लोक! तर म्हणतात, "करतील." एवढंच. हल्ली मीच त्यांची बाजू घेऊन भांडते आणि पलीकडून कुणी विरोधच करत नाही.

परवा तिकडे गेले होते. रात्रीच्या जेवणाचं चाललं होतं. तिघांनाही पास्ता हवा होता. मी म्हटलं, "घरं मोजा. हॅरोचं मत पिठल्याला."

नातीने माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, "आजोबा, मेडनहेड काय बोलते?"

त्यांनी खिडकीतून बसस्टॉपकडे पाहिलं. एक बस आली, माणसं घेऊन गेली.

"मेडनहेड," ते हळूच म्हणाले, "पिठलं."

मी उठले आणि बेसनाचा डबा शोधायला लागले.