पहिल्या नंबरचं गाणं आणि चौदा दिवस

सध्या माझं पोस्टिंग जर्मनीत वोल्फ्सबुर्गला, मुलीकडे. गेल्या आठवड्यात नातीला शाळेतून होमवर्क आलं: आजी-आजोबांच्या तरुणपणी रेडिओवर कोणती गाणी हिट होती ते विचारा. इरा बारा वर्षांची. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. मी सुरुवात केली, "आमची पोस्ट बारा हजार फुटांवर होती."

मुलगी म्हणाली, "बाबा, तिला गाणी हवीत. बॉर्डर नको."

पण ती गाणी मी बॉर्डरवरच ऐकली.

साठच्या दशकातला हिवाळा. बर्फ कमरेपर्यंत. पोस्टवर आम्ही दहा जण. मी सिग्नलमन, माझा सीनियर नाईक शेलार. साताऱ्याकडचा, वय पंचवीस. पोस्टवरचा एकमेव ट्रान्झिस्टर त्याचा. त्याच्या बॅटऱ्या गारठू नयेत म्हणून तो त्या काखेत घेऊन झोपायचा. रविवारी १३०० वाजता, म्हणजे दुपारी एकला, हिट गाण्यांचा कार्यक्रम लागे. शेवटी पहिला नंबर. त्यावर सिगरेटींच्या पैजा.

त्या रविवारी सहा जणांची पेट्रोल गस्तीवर बाहेर होती. स्टेशन नीट लागावं म्हणून शेलारनं ट्रान्झिस्टर वायरलेस सेटशेजारी ठेवला. सेटच्या हँडसेटवर त्यानं ओला हातमोजा वाळत टाकला. मोजा गोठून कडक झाला आणि बोलायचं बटण दाबलं गेलं. बटण दाबलेलं असलं की आपलं सगळ्यांना ऐकू जातं, आपल्याला कुणाचंच नाही. सेट शांत होता. आम्ही खूश होतो.

१३५० वाजता कंपनी हेडक्वार्टरचा रनर निरोप घेऊन आत आला. भुवयांवर बर्फ.

"सेट बंद करा," तो म्हणाला. "अर्धा तास सगळी बटालियन गाणी ऐकतेय. पेट्रोलशी कुणाला बोलता येत नाही."

शेलारनं मोजा उचलला. त्याचा चेहरा उतरला होता. लगेच ॲडज्युटंट साहेबांचा आवाज आला. ते शब्द मी नातीला सांगितले नाहीत. मग पेट्रोल लीडर बोलला: सहाही जण ठीक, परतीच्या वाटेवर. आम्ही श्वास सोडला.

रनर तिथंच उभा. "आता काय?" मी विचारलं.

"मी चालत होतो ना. पहिला नंबर कुठल्या गाण्याचा आला?"

तिसऱ्या दिवशी शेलारला बटालियनच्या सीओ साहेबांसमोर उभं केलं.

"काही म्हणायचंय?"

"सर, आवाज क्लिअर येत होता?"

साहेबांनी खाली कागदाकडे पाहिलं. "क्लिअर होता. चौदा दिवस."

चौदा दिवस त्यानं पोस्टचा बर्फ उपसला.

इरा पोट धरून हसली. मग म्हणाली, "उंट डान?" म्हणजे, पुढे काय?

पुढे लढाई झाली. शेलार पुढच्या टेकडीवर सेट घेऊन गेला, मी मागच्या सेटवर. सकाळी ०९४० ला त्यानं तोफखान्यासाठी शत्रूची जागा सांगितली. सावकाश, दोनदा. मी लॉगबुकात उतरवून घेतली. ०९४५ ला मी त्याला कॉल दिला. ०९५० ला परत दिला. वेळा लिहीत गेलो. समोरचा उत्तराचा रकाना कोराच राहिला.