अक्कांचा घसा बसला नव्हता

आमच्या धुळ्याच्या कराओके क्लबात अजून सगळे समजतात की, अक्कांनी घसा बसला म्हणून गाणं सोडलं. घसा बसला नव्हता. त्यांनी गाणं सोडलं ते माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच, कारण मी जे खोटं बोललो ते तिच्या देखत बोललो.

अक्का नोकरीभर एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीत होत्या. गाड्या पुकारायचं काम त्यांच्याकडे. त्या अमळनेरची गाडी अशी पुकारायच्या, की शिरपूरला निघालेल्या माणसालाही क्षणभर वाटावं, आपण अमळनेरलाच जावं. नवरा लवकर गेला, मुलगा शिरपूरला शिक्षक झाला, नोकरी संपली, आणि साठी उलटल्यावर एका रविवारी त्या आमच्या क्लबात आल्या. क्लब म्हणजे एका दवाखान्यावरचा हॉल, दोन स्पीकर, भिंतीवर पडदा. एक निवृत्त तलाठी, एक मेडिकलवाले, बँकेतल्या दोन बायका, आणि पन्नाशीतला मी, सरकारी कचेरीतला कारकून.

ड्युएटची आमच्यात एक न बोललेली रीत होती. बाई आणि पुरुष यांच्यात दोन हात अंतर ठेवायचं, आणि शब्द पाठ असले तरी दोघांनीही पडद्याकडेच बघायचं. गाणं प्रेमाचं, पण म्हणायचं वीजबिल वाचल्यासारखं. अक्कांनी पहिल्याच दिवशी ही रीत मोडली. मी नायकाची ओळ म्हणत होतो आणि त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी गडबडलो, ओळ चुकली. खाली उतरल्यावर म्हणाल्या, "पडदाकडे काय देखस रे भाऊ? तठे शब्द शेतस, माणूस आठे शे." शब्द तिथं, पण माणूस इथं, हे त्यांनी मला अहिराणीत सुनावलं.

त्यांचं दुसरं सांगणं ऐकण्याबद्दल होतं. माझी ओळ संपली की मी पाण्याची बाटली शोधायचो, घाम पुसायचो. त्यांना ते खपत नसे. "तुझी ओळ संपली म्हणजे तुझं काम संपलं का? ड्युएटमधलं अर्धं गाणं ऐकायचं असतं. मी काय म्हणते ते ऐकलंस, तरच पुढची ओळ खरी निघेल." मग मी ऐकायला लागलो. कडव्याच्या शेवटी त्या आवाज अगदी थोडा खाली सोडायच्या, दार उघडं ठेवून आत जावं तसा. त्यानंतरची माझी ओळ आपोआप हळू व्हायची. लोक म्हणायचे, तुझा आवाज सुधारला. आवाज तोच होता.

तलाठी आबा एकदा त्यांना म्हणाले, "अक्का, हा तुम्हाला अक्का म्हणतो आणि माइक हातात आला की प्रिये म्हणतो. ठरवा काहीतरी!" अक्का हसून म्हणाल्या, "आबा, मला दोन्ही पचतं. तुम्हाला एकही कुणी म्हणत नाही, त्याला मी काय करू?" हॉल हसला. आबा सगळ्यात जास्त हसले.

वार्षिक कार्यक्रमासाठी आम्ही एक जुनं, काळ्यापांढऱ्या सिनेमातलं गाणं बसवलं. ती रुसलेली, तो समजूत घालणारा. ती शब्दांनी नाही म्हणते आणि सुरात हो म्हणते. शेवटच्या कडव्याआधी पडद्यावरचा नायक हात पुढे करतो. आमच्या तालमीत हात वगैरे काही नव्हतं. पण मी घरी आरशासमोर तो हात पुढे करून बघत होतो. अक्कांवर माझं प्रेम होतं असं नाही. त्या गाण्यात मी जो होतो, त्याच्यावर होतं. कचेरीत मला कुणी मान वर करून बघत नाही. गाण्यात कुणीतरी माझी ओळ कधी येते याची वाट बघत होतं.

कार्यक्रमात मी हात पुढे केला. अक्का क्षणभर थबकल्या, हसल्या, आणि त्यांनी आपला हात माझ्या हातात दिला. टाळ्या पडल्या. शेवटचं कडवं आम्ही तसंच म्हटलं. आयुष्यात मी इतकं चांगलं कधी गायलो नाही.

कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं. नेमका तुकडा असा, की सुरुवातीला अक्कांचा हात माझ्या हातात येताना दिसतो. माझा हात पुढे झालेला त्यात नाही. तो तुकडा त्यांच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला. खाली हसण्याची चित्रं, आणि "या वयात?" असले शेरे.

पुढच्या आठवड्यात त्यांचा मुलगा माझ्या घरी आला. भांडायला नाही. सोफ्याच्या कडेवर बसला, मोबाइल उलटा ठेवला. "काका, राग मानू नका. लोक नाही नाही ते बोलतात. मला फक्त एवढं सांगा, हात आधी कोणी पुढे केला?"

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो तुकडा पाहिला होता, आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "त्यांनीच. मी काय करणार? मोठ्या आहेत. सगळ्यांसमोर झटकून कसा टाकू?"

त्यानं मान खाली घातली. "माफ करा काका, तुम्हाला आमच्यामुळे त्रास झाला," म्हणाला. बायकोनं त्याच्यापुढे बिस्किटं सरकवली. त्या रात्रीपासून ती माझ्याशी नीट बोलायला लागली.

रविवारी अक्का क्लबात आल्या, पण गायल्या नाहीत. "घसा बसला," सगळ्यांना म्हणाल्या, आणि ते खड्या, स्वच्छ आवाजात म्हणाल्या. जिन्यात मला गाठून विचारलं, "तुला घरी काही बोललं नाही ना कुणी?" मी काय सांगितलं ते त्यांना मुलाकडून कळलेलं होतं, हे त्या विचारण्यातूनच मला समजलं. एका शब्दानं त्या मला खोटं पाडू शकल्या असत्या. मी म्हणालो, "नाही, अक्का." महिन्याभरात त्या मुलाकडे शिरपूरला राहायला गेल्या.

मागच्या हिवाळ्यात कचेरीच्या कामानं शिरपूरला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. मुलानं आग्रहानं जेवायला बसवलं. "आईचं आता बाहेर कुठे जाणं नाही. घरातच बरी असते," तो म्हणाला. अक्का समोर मेथी निवडत बसल्या होत्या. खरं सांगायला याच्याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हणालो, "भाकरी छान झालीय." अक्कांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि परत मेथी निवडायला लागल्या. मी निघताना त्यांनी फाटकाशी विचारलं, "गास ना रे भाऊ?"

"हो, गातो," म्हणालो. हेही खोटं होतं.

हे छापून आल्यावर त्यांच्या मुलाच्या वाचनात येईल, न येईल. आलं तरी माझी सुटका नाही. अक्का समोर बसलेल्या असताना आणि माझी बायको शेजारी असताना, त्या मुलाला मी माझ्या तोंडानं सांगायचं आहे की, हात मी पुढे केला होता. एवढं मी त्यांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.