आसाला घातलेलं तेल

बाळंतिणीच्या अंगाला लावायचं मोहाचं तेल मी बैलगाडीच्या आसाला घातलं. उरलंसुरलं असेल, असं वाटलं.

दिवेलागणीला अंग चोळायला येणारी सुईण अंगणापासूनच बडबडत येते. तोंड थांबतं ते फक्त तंबाखू थुंकायला. आज तिने रिकामी वाटी उचलून माझ्यापुढे उलटी धरली. बायकोची कंबर ठणकत होती. चोळल्या-शेकल्याशिवाय तिला झोप लागत नसे.

"तेल कोठी गेलं, बाबू?"

"गाडी फार कुरकुरत होती."

"अन् बायको कुरकुरत नाही म्हून?"

ती तरातरा घरी गेली आणि स्वतःच्या दिव्यातलं तेल घेऊन आली. तिच्या घरी आता अंधारच असणार. तिने चोळलं, शेकलं; बायकोचा डोळा लागला. जाताना मला म्हणाली, "बाई झोपली. आता जाय, गाडीले अंगाई म्हण."