वरच्या फळीवरची नको

सिल्वासात वाईन शॉप पुष्कळ आहेत आणि त्यांत वाईन सोडून सगळं मिळतं. आमली भागातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात व्हिस्कीला तीन भिंती दिल्या आहेत, बियरला दोन फ्रिज आणि वाईनला छताखालची एक फळी, ट्यूबलाइटच्या शेजारी. शनिवारी वापी-सुरतेकडून गाड्या भरभरून माणसं येतात, पण त्या फळीकडे कुणी मान वर करून बघत नाही. बघायचो आम्ही दोघं.

मी शाळेत शिकवते. नवरा नरोलीच्या एका धाग्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. मुलगी शिकायला बाहेर गेली आणि रविवारची दुपार अंगावर यायला लागली, तेव्हा महिन्याला दोन बाटल्या, एकेक चारशेच्या आत, असं आम्ही ठरवलं. पहिले सहा महिने आम्ही खराब वाईन प्यायलो. चव सांगायची तर आमसुलाचं सार दोन दिवस ओट्यावर राहिलं तर जे होईल ते. पण एवढी शिकलेली माणसं हे पिऊन डोळे मिटतात, म्हणजे खोट आपल्याच जिभेत असणार, अशी दोघांची खात्री होती. मी या विषयावर बरंच वाचलंही. वाचून चव सुधारली नाही, फक्त आंबटपणाला शब्द मिळाले. एकदा तर आम्ही साखर घालून संपवली.

सुटका केली ती दुकानातल्या माणसाने. हा शिरपूरकडचा, पन्नाशीचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी नेहमीप्रमाणे वर बोट दाखवलं, तसा तो स्टूल न आणता उभाच राहिला.

"वरली नका लेऊ, ताई. ती बाटली दोन उन्हाळा पाह्येल शे."

नवरा धुळ्याचा. त्याला लगेच कळलं. मी रत्नागिरीकडची, मला आवाजावरून कळलं.

"मग इतके दिवस का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुम्ही दरखेपी तीच मांगेत. मी म्हनं, आवडत व्हई."

त्या दिवसापासून सूत्रं नवऱ्याने हाती घेतली. त्याच्या कामाचा पहिला नियम म्हणजे आधी आलेला माल आधी बाहेर जायला हवा. इथे आधी आलेला माल वर चढून दिव्याखाली बसला होता. तो बाटली उलटी करून भरल्याचा महिना वाचायला लागला. दुकानाच्या मागच्या खोलीत, जमिनीवर, न फोडलेली पेटी आहे का ते विचारायला लागला. काचेला तळहात लावून, बाटली गरम असेल तर परत द्यायला लागला. लेबलावर राजवाडा, घोडा किंवा कुणाची सही असेल तर ती आम्ही सोडायचो, कारण त्याचे पैसे आपल्यालाच पडतात. नाशिककडच्या लहान लहान वायनऱ्यांच्या साध्या बाटल्या उरायच्या. त्यांवर मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर शेरे लिहायचे: 'होतकरू, पण बडबड फार.' 'शांत व नियमित.' 'पुन्हा बसवावे.'

वर्षभरात पाच-सहा चांगल्या सापडल्या. त्यांत एक पांढरी, किंचित गोडसर. ती बर्फासारखी गार करून शेवभाजीबरोबर घेतली की काळ्या मसाल्याचा जाळ बरोब्बर जिथे असह्य होतो तिथे ती हात धरते. हा शोध नवऱ्याचा. त्या दिवशी तो दुसऱ्यांदा भाजी वाढून घेताना ज्या तोऱ्यात माझ्याकडे बघत होता, तसा मी त्याला लग्नातही पाहिलेला नाही.

आणि मग एप्रिलात त्याच्या थोरल्या भावाचा फोन आला: रविवारी येतोय, जेवायलाच.

भाऊजी पुण्यात मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्तीनंतर त्यांनी वाईनचा कोर्स केला. ते येणार म्हटलं की आमच्या घरातल्या रोजच्या वस्तू लपतात. स्टीलची ताटं माळ्यावर जातात, सोफ्याला चादर चढते आणि नवरा स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेला बसतो. पंचवीस वर्षं मी हे बघत आले होते. भाऊजींना पुण्याहून बाटली आणता येत नाही, मध्ये वापीला गुजरातची हद्द लागते, तिथे दारूबंदी. म्हणजे आणायची आम्हीच. शुक्रवारी नवरा कारखान्यातल्या सहकाऱ्याकडून लांब दांड्यांच्या सहा ग्लासांचं खोकं उसनं घेऊन आला आणि म्हणाला, "दोन हजारांची एक बघून ठेवलीय."

"कुठे?"

"वरच्या फळीवर."

तोच थोड्या वेळाने म्हणाला, "नाहीतर असं करू. त्या बाटलीत आपली ओतू. दादाला काय कळतंय."

"कळलं नाही तर त्या बाटलीचं कौतुक होईल," मी म्हटलं. "तुझं नाही. वर्षभर वाकून वाकून महिने वाचलेस ते काय लपवायला? रविवारी आपली पांढरी, चहाच्या ग्लासातून, शेवभाजीबरोबर. लेबल त्यांच्याकडे करून. नाहीतर सरबत करते."

"तो हसेल."

"हसू दे. घर आपलं आहे."

मला भीती भाऊजींच्या हसण्याची नव्हती. नवराच त्यांच्याबरोबर हसेल, 'अरे, आमचं आपलं असंच,' म्हणेल आणि जी एक गोष्ट त्याने स्वतः शोधून काढली ती स्वतःच चेष्टेत काढून टाकेल, याची होती.

रविवारी दुपारी भाऊजी आले, एकटेच. पंखा गरम वारा ढकलत होता. ताटं स्टीलचीच होती; ती मी सकाळीच माळ्यावरून उतरवली होती. ग्लासांचं खोकं कपाटावर होतं, चिकटपट्टीसकट. नवऱ्याने त्याच्याकडे दोनदा बघितलं. मी फ्रिजमधून बाटली काढली.

"अरे वा! वाईन?" भाऊजींनी लेबल लांब धरून वाचलं आणि भुवया उंचावल्या. "ही? आणि इतकी गार? अगं, फार गार केली की अरोमा मरतो. रेड तर रूम टेंपरेचरलाच."

"भाऊजी, आमच्या रूमचं टेंपरेचर आज अडतीस आहे. रेड ठेवली असती तर वाटीतून द्यावी लागली असती."

ते हसले. ग्लास तिरपा केला, फिरवायला जागा नव्हती तरी फिरवला, हुंगला, घोट तोंडात घोळवला. जर्दाळू म्हणाले, पावसाळी दगड म्हणाले. दगडाची चव त्यांनी केव्हा घेतली हे विचारण्याचा मोह मी आवरला. मग शेवभाजीचा पहिला घास घेतला. कपाळावर घाम आला, नाक लाल झालं, आणि बोलणं सोडून त्यांनी ग्लास उचलून निम्मा एका दमात संपवला. त्यात जर्दाळू निघाला नाही. मी बघत राहिले. नवरा खुर्चीच्या कडेला बसून बघत होता.

"बरी आहे," भाऊजी तोंड पुसत म्हणाले. "म्हणजे काय, रोजच्यासाठी ठीक आहे."

आता नवरा हसणार होता. त्याच्या ओठांचा कोपरा मी ओळखते. तो हलला आणि थांबला.

"आम्ही इथे रोजच राहतो, दादा," तो म्हणाला.

भाऊजींनी मान वर केली. नवरा मागे सरकून खुर्चीला पाठ टेकून बसला. बाटली उचलून उलटी धरली. "हे बघ. भरल्याचा महिना. ही जानेवारीची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दुकानात वर ठेवलेली पांढरी मेपर्यंत टिकत नाही, म्हणून जमिनीवरची पेटी मागायची. तुझ्या कोर्सात हे होतं का?"

"तसं नव्हतं," भाऊजी म्हणाले. पटलं की नाही ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. मला त्याची गरजही वाटली नाही. ते चष्मा लावून महिना वाचत होते आणि नवरा त्यांना अक्षरं कुठे आहेत ते बोटाने दाखवत होता. मग त्याने न विचारता सगळ्यांचे ग्लास भरले, स्वतःचा आधी.

सोमवारी कामाला जाताना त्याने कपाटावरचं खोकं काखोटीला मारलं. सहकाऱ्याला काय सांगणार, मी विचारलं.

"सांगेन, लागले नाहीत," तो म्हणाला आणि जिना उतरला.